गुरुवारचं काम

सांगतो, पण मधे कोणी सल्ला द्यायचा नाही. हा मूर्खपणा मी एकट्याने, पूर्ण शुद्धीत केलेला आहे. चहा घ्या आणि ऐका.

तर माझा फोन. मुलीने दिलेला, चांगला. पण त्यावर दोन मिनिटं शांतपणे बातमी वाचता येईल तर शपथ! मधेच एक चौकोन टपकायचा. आपल्या फोनमध्ये तेरा व्हायरस आहेत. आपल्याला बक्षीस लागलंय. आणि सगळ्यात चिवट म्हणजे, 'केस गळताहेत? आजच थांबवा!' आता माझ्याकडे बघा. गळायला काय शिल्लक आहे?

हे बंद करणं मध्याला जमायचं. मध्या म्हणजे माधव, माझा मित्र. हडपसरच्या एका कारखान्यात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही तीस वर्षं ड्रॉइंगं काढली. निवृत्तीनंतर मी वारज्याला आलो, तो तिकडेच राहिला. बायको गेलेली, मुलगा आणि सून मुक्ता यांच्याबरोबर असायचा. आमच्या मधे सगळं पुणं. दोन बस, आणि त्यातली दुसरी तिच्या मर्जीने येणार.

शिवाय आम्ही दोघेही असे की काम असल्याशिवाय कोणाच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. 'सहज आलो' म्हणणाऱ्या माणसाचा आम्हाला संशयच यायचा. त्यामुळे निवृत्तीनंतर वर्षभर आमची भेट नाही. मग फोन बिघडला आणि मला काम मिळालं.

दर गुरुवारी चार वाजता मी हडपसरला. मध्या चष्मा लावणार, फोन हातात घेणार आणि आधी माझी हजेरी घेणार.

"ही वेबसाइट विचारते, तुम्हाला सूचना पाठवू का? तू 'हो' का दाबतोस?"

"इतकं नीट विचारतात, नाही कसं म्हणायचं?"

"आयुष्यात कधी कोणाला हो म्हणाला नाहीस, आणि हिला म्हणतोस?"

मग तो सेटिंगमध्ये शिरून एकेक वेबसाइट बंद करायचा. मी हात धुवून येईपर्यंत काम फत्ते. पुढे पोहे, चहा आणि जुन्या साहेबांची मनसोक्त निंदा. अंधार पडायच्या आत मी निघायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडावा तसा फोन उघडला, की बाकी सगळं गप्प, पण केस गळताहेत?

मध्याला फोन केला की तो म्हणायचा, "हे एक फार चिवट आहे रे. पुढच्या गुरुवारी बघू."

असं दीड वर्ष. दीड वर्ष! तुम्हाला एव्हाना शंका आली असेल. मला आली नाही. मी इंजिनिअरिंग ड्रॉइंग करणारा माणूस, सुताचा फरक डोळ्यांना कळायचा.

एका गुरुवारी दुसरी बस चाळीस मिनिटं आलीच नाही. गुडघे बोलायला लागले. मी वैतागून परत फिरलो आणि वारज्यातच एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात शिरलो. काउंटरवरच्या बाईंनी फोन घेतला, पाच मिनिटं बोटं चालवली आणि परत दिला.

"झालं. आता काही येणार नाही. आणि काका, ही केसांची जाहिरात आपोआप येत नव्हती. तिला मुद्दाम परवानगी दिलेली आहे. दर आठवड्याला, नव्याने."

झालं! माझा पारा चढला. म्हणजे हा मध्या एक बंद करताना चुकून दुसरं चालू करत होता आणि वर मलाच शिकवत होता. मी तिथूनच, त्या बाईंच्या देखत, त्याला फोन लावला. म्हटलं, जे तुला दीड वर्षात जमलं नाही ते इथे पाच मिनिटांत झालं. ज्यातलं कळत नाही त्यात माणसाने हात घालू नये.

मध्या म्हणाला, "बंद झालं ना? उत्तम. तुझा गुरुवारचा हेलपाटा वाचला."

"वाचला," मी म्हणालो. आणि विजयी चेहऱ्याने घरी आलो.

पुढचा गुरुवार आला. चार वाजले. फोन एकदम गप्प. मी बातम्या वाचल्या, मग त्याच बातम्या परत वाचल्या. बायको म्हणाली, हडपसरला जाऊन या ना. मी म्हणालो, काय काम सांगू? तिने माझ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली.

आता खरी गंमत ऐका. दुसऱ्या गुरुवारी मी स्वतः बसून त्या जाहिराती परत आणायचा प्रयत्न केला. दिसेल त्या वेबसाइटवर गेलो, रास बघितली, बक्षिसावर बोट दाबलं. पण त्या बाईंनी असा बंदोबस्त केला होता की एक चौकोन उमटेल तर शपथ. आख्ख्या पुण्यात जाहिरात येत नाही म्हणून हळहळणारा मी एकटाच असेन. परत त्या दुकानात जाऊन 'होतं तसं करून द्या' म्हणायची मला लाज वाटली. मध्याचाही फोन नाही. मी म्हटलं, बसलाय फुगून. बसू दे.

असे चार गुरुवार गेले. पाचव्याच्या आदल्या दिवशी फोन वाजला. मध्याचा मुलगा होता. बाबा सकाळी उठलेच नाहीत, म्हणाला.

दहाव्याला आम्ही नदीकाठच्या घाटावर होतो. पिंड ठेवलेले, आणि कावळा समोरच्या कठड्यावर बसून नुसता बघतोय. शिवायला तयार नाही. म्हणजे गेलेल्याचं काहीतरी राहिलंय, असं मानतात. मुलगा म्हणाला, बाबा, तुमच्या झाडांना मी पाणी घालीन. कावळा ढिम्म. मुलगा म्हणाला, मुक्ताला नोकरी सोडायला लावणार नाही. तरी ढिम्म.

मुक्ता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हळू आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही हात धुवायला गेलात की बाबा ती केसांची वेबसाइट उघडून 'हो' दाबायचे. मला खूण करायचे, बोलू नकोस म्हणून. म्हणायचे, हे बंद केलं तर तो यायचा नाही."

मी खिशातला फोन चाचपला.

"शेवटचे चार गुरुवार दार नुसतं लोटून ठेवायचे. मी कडी लावली की उठून काढायचे," ती म्हणाली. "तुम्ही सांगा ना काहीतरी. कदाचित कावळा तुमच्यासाठीच थांबला असेल."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. गुरुजीसुद्धा. मी दोन पायऱ्या उतरलो, हात जोडले. खूप सांगायचं होतं हो. तुझी आठवण येते, मी गाढव आहे, माफ कर, एवढं तरी.

आणि मी काय बोललो?

म्हणालो, "मध्या, फोन परत बिघडलाय रे. गुरुवारी येतो."

कावळ्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि सरळ पलीकडच्या काठाला उडून गेला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. लोक म्हणाले, माधवरावांची काहीतरी इच्छा राहिली. इच्छा कसली? तीस वर्षं समोर बसलेला माणूस तो, त्याला माझी थाप कळणार नाही होय? मेलेल्या मित्राशी बोलायला गेलो, तर तिथेसुद्धा मी काम घेऊन गेलो.