बटवाऱ्याची पेशी

पेशींवर इतका जीव टाकणारा माणूस साऱ्या हैदराबादेत दुसरा नसेल. हे आमचे नल्लकुंट्यातले शेजारी. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. माझ्या लेकीचा गुडघा फुटला, तर मलम आणायचं सोडून हे तिला सांगत बसले, की कडेच्या पेशी आता एकीच्या दोन, दोनाच्या चार होत मधे सरकताहेत, तेव्हा खपली काढून त्यांच्या कामात लुडबुड करू नकोस. मूल वाढतं, केस वाढतात, जखम भरते, ते सगळं त्यांच्याच जिवावर. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, पोळ्या करत असल्या की सर कणकेचा गोळा उचलून तोडत आणि म्हणत, "हे असं नाही. पेशी आधी आतल्या सगळ्या माहितीची नक्कल करते, मग दोघींना सारखा वाटा देते. हे आपल्या भाऊबंदांना जमलं असतं, तर कोर्टं ओस पडली असती." काकू मुकाट्यानं गोळा काढून घेत आणि परत मळत.

कोपऱ्यावरच्या फळवाल्या चाचांनाही त्यांनी सोडलं नाही. त्यांना ते दखनीत 'पेशी का बटवारा' समजावत. चाचांच्या लेखी पेशी म्हणजे कोर्टातली सुनावणी. मास्तरांचा जमिनीच्या वाटणीचा खटला चालू आहे, अशी त्यांची पक्की समजूत झाली आणि ते आपुलकीनं विचारू लागले, "पेशी में क्या हुआ, मास्टर साब?" सर दर वेळी न कंटाळता अर्थ दुरुस्त करत, चाचा मान डोलावत आणि पुढच्या खेपेला तेच विचारत.

मग काकूंच्या छातीत गाठ निघाली. थांबायचं विसरलेल्या पेशी वर्गात एका तासात शिकवून मोकळे होणारे सर एकदम गप्प झाले. मला गाठीइतकीच त्या गप्प बसण्याची भीती वाटली. भरभर विभागणाऱ्या पेशींना मारणारी औषधं सुरू झाली. त्यात केसांच्या मुळांतल्या पेशीही सापडल्या आणि काकूंचे केस गेले. सर रोज सकाळी त्यांच्या डोक्याला हलक्या हातानं खोबरेल लावत.

उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी सरांनी मला हाक मारली. काकूंच्या डोक्यावर करडी लव आली होती. "विभाजन सुरू झालं बघ," एवढंच म्हणाले आणि रडू लागले. आदल्याच दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं, की आता गाठ दिसत नाही, पण दर तीन महिन्यांनी तपासायला यायचं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं डाळिंबं आणायला गेलो. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला. सरांनी हातातलं डाळिंब तराजूत ठेवलं. या खेपेला त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही.

"केस खतम नहीं हुआ, चाचा," ते म्हणाले, "मगर आगे की तारीख मिल गई."

चाचांनी पिशवीत एक डाळिंब जास्तीचं टाकलं. आता दर तीन महिन्यांनी काकू तपासणीला निघाल्या, की मीही मनातल्या मनात त्या तपासणीला पेशीच म्हणतो.