फेटिया पाहायला पुसदला गेले तेव्हा

पुसदकडे जायचं ठरलं ते एका बाईच्या बोलण्यामुळे. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी अकोल्यात मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची आणि उरलेल्या वेळात मातीच्या मूर्ती करायची. देवांच्या नव्हे, जुन्या पेहरावांच्या. अंगरखा-पगडीतला गृहस्थ, नऊवारीवर शेला घेतलेली बाई, परकर-पोलक्यातली मुलगी आणि घागऱ्यातली बंजारा स्त्री. चारही मूर्ती पुस्तकांतली चित्रं पाहून घडवलेल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्या मांडल्या. लोक कौतुक करत होते. एक पोक्त बाई मात्र बंजारा स्त्रीपुढे बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हे चालून राह्यली म्हणता, पण हिचा घागरा चालून नाही राह्यला."

ती कोण, कुठली, मी विचारलंही नाही. पण त्या रात्री मूर्तीकडे पाहताना मला तेच दिसायला लागलं. घागरा घंटेसारखा लटकत होता, नुसता.

माझी मोठी बहीण कुसुमताई पुसदला दिली होती. तिचे यजमान तिथल्या शाळेत शिक्षक. ताईला पत्र टाकलं. उत्तर आलं, "दिवाळीच्या सुट्टीत ये. दीड कोसावर बंजाऱ्यांचा तांडा आहे. आणि मूर्ती घेऊन ये, शाळेचा हॉल दोन दिवस मिळेल असं हे म्हणतात."

तुमच्यापैकी कुणाला त्या वाटेने जायची हौस असेल, तर आता सरळ अकोल्याहून गाडी करा. आमच्या वेळी हा प्रवास पुरा एक दिवस खायचा. अकोल्याहून मोठ्या गाडीने मूर्तिजापूर. तिथून यवतमाळकडे जाणारी छोटी गाडी, जी आता बंद पडली आहे. ती इतकी सावकाश जायची, की चढावर माणसं खाली उतरून चार पावलं चालायची आणि पुन्हा चढायची. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. कारंज्याला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा टोपलीभर सीताफळं घेतली आणि डब्यातल्या सगळ्यांनी मिळून संपवली. समोरच्या बाकावरचे धोतरवाले आजोबा माझ्या लाकडी पेटीकडे सारखे पाहत होते.

"काय आहे वो बाई याच्यात?"

"मूर्ती आहेत."

त्यांनी घाईघाईने पाय मागे घेतले. "देव आहे का?"

"नाही, माणसं आहेत. तीन बाया आणि एक पुरुष."

आजोबांनी जरा विचार केला. "मंग बसू द्या त्याईले आरामात," म्हणाले आणि पेटीला टेकायला आपली वळकटी दिली.

दारव्ह्याला उतरून एसटी धरली. दिग्रसला चहा आणि आलूबोंडे झाले. त्यापुढे रस्ता डोंगरांत शिरतो. सागाची पानं धुळीने लाल झालेली, आणि एका वळणावर खाली वाटीत ठेवल्यासारखं पुसद दिसतं. दिव्यांच्या वेळेला ताईच्या घरी पोचले. झुणका-भाकर आणि वांग्याचं भरीत तयार होतं. पेटी उघडून पाहिली. पगडीचा एक कोपरा उडाला होता, बाकी सगळे सुखरूप.

दुसऱ्या दिवशी ताई मला तांड्यावर घेऊन गेली. पूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून मुलूखभर फिरणारी ही माणसं आता तिथे शेती करून राहत होती. तिथल्या जवळजवळ सगळ्या तरुण बाया लुगड्यात होत्या. पुरा जुना पेहराव एकट्या सोमलीबाईच्या अंगावर होता. साठीची, उंच, कणखर बाई. आरसे आणि कवड्या लावलेल्या तिच्या घागऱ्याला फेटिया म्हणतात, हे मला तिथे कळलं. ताईने माझी ओळख करून दिली. सोमलीबाईने मला खालून वरपर्यंत पाहिलं.

"माह्यी बाहुली करतं म्हणे हे?"

"तुम्ही हो म्हटलं तर," मी म्हटलं. "तुम्ही थोडा वेळ बसाल का?"

"बसलेल्या बाईचा फेटिया काय दिसते? तू बस. मी काम करून राह्यलो, ते पाह्य."

मी चार दिवस तेच केलं. पुसदच्या कुंभाराकडून माती आणली होती. तिच्या ओट्यावर पाट मांडून बसायची. ती पाणी आणायची, गुरांना चारा टाकायची, तुरीच्या शेतात जाऊन यायची. दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की फेटियाचं सगळं वजन खालच्या काठात असतं. पाऊल आधी पडतं आणि काठ मागून, जरा उशिराने वळतो. मी तसा मातीत वळवला. सोमलीबाई हंडा डोक्यावर घेऊनच थांबली, पाहिलं आणि म्हणाली, "आता चालली." दुपारी तिच्या सुनेने बाटी, म्हणजे ज्वारीची भाकरी, आणि अंबाडीची भाजी वाढली. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. तिसऱ्या दिवसापासून मीही म्हणायला लागले.

तिचा मुलगा भावसिंग मात्र माझ्याशी बोलत नव्हता. चौथ्या दिवशी मी आवरत असताना तो समोर येऊन उभा राहिला.

"मास्तरीणबाई, आमच्या आईले गावात मांडून ठेवसान. लोकं येतीन, पाह्यतीन, हासतीन. माह्या पोरीले शाळेत आधीच घागरेवाली म्हणून चिडवतेत. कायले करता हे?"

हे कपडे सुंदर आहेत, जपायला हवेत, असं काहीतरी मी म्हणाले असेन. तो म्हणाला, "सुंदर आहेत त तुम्ही काहून नाही घालत?"

सोमलीबाई गोठ्यातून ऐकत होती. हात पुसत बाहेर आली. "मी येतो पाह्यले," ती म्हणाली. "मले पटलं त बाहुली राहीन. नाही पटलं त ते माती पुन्हा माती करीन हे. काय वो?"

मी हो म्हटलं.

ताईच्या घरी दोन दिवस मूर्तीवर शेवटचा हात फिरवला. तिथे मी एक गोष्ट केली, जी आठवली की आजही संकोच वाटतो. सोमलीबाईच्या हातांत कोपराखाली पांढऱ्या बांगड्या होत्या, पण दंड रिकामे होते. माझ्या पुस्तकातल्या चित्रात दंडांवरही बांगड्यांची चळत होती. ती दिसायला भरगच्च वाटे. मी तिला विचारलं नव्हतं. सरळ दोन्ही दंडांवर बांगड्या चढवल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये बरीच गर्दी होती. शिक्षक, बाजारात आलेले शेतकरी, नव्या लुगड्यांतल्या बाया. कुणी हसलं नाही. एक-दोघांनी तर सोमलीबाईची मूर्ती ओळखली. दुपारी भावसिंगची बैलगाडी आली. सोमलीबाई सूनबाईचा हात धरून आत आली, तशी माणसं आपोआप बाजूला झाली. ती मूर्तीभोवती एक फेरी मारून आली. काठाकडे पाहून मान हलवली. मग तिची नजर दंडांवर थांबली.

"हे कोणं घातलं?"

"मी घातलं, याडी."

"माह्या नवऱ्याले जाऊन सहा वर्षं झाली," ती शांतपणे म्हणाली. "तो गेला तवाच हे उतरवले."

भावसिंग माझ्याकडे पाहत होता. मी ताईकडून कोरायची सळई मागून घेतली आणि सगळ्यांसमोर एकेक बांगडी काढायला लागले. माती अजून ओलसर होती. दंड गुळगुळीत केले आणि म्हटलं, "आता बरोबर आहे?"

"नाही." तिने ओढणी खांद्यावर सारली आणि आपला दंड खिडकीच्या उजेडात धरला. लग्नापासून घट्ट बसलेल्या बांगड्यांनी कातडीत वळ पाडले होते, एकाखाली एक, फिकट. "हे जात नाही. हे कर."

मी तिचा दंड धरला आणि पाहून पाहून मातीत ते वळ कोरले. किती वेळ लागला, सांगता येत नाही. झाल्यावर तिने मूर्तीच्या दंडावरून अंगठा फिरवला, मग स्वतःच्या.

"राहू दे," ती म्हणाली.

भावसिंग संध्याकाळपर्यंत थांबला. कुणी घागऱ्याबद्दल विचारलं, की मी तोंड उघडायच्या आत तोच सांगायचा, हा आरसा कुठला, ही कवडी कशासाठी. दुसऱ्या दिवशी तो मुलीलाही घेऊन आला.

परतीची वाट तीच, पण पेटी मांडीवर. अकोल्यात पोचल्यावर मूर्ती पूर्ण वाळू दिली आणि ओळखीच्या कुंभाराच्या भट्टीत घातली. दोन दिवसांनी भट्टी उघडली, तर मूर्ती कमरेतून दुभंगलेली. फेटियाचे तुकडे झाले होते. एक हात तेवढा अखंड निघाला.

मला वाटलं होतं, या प्रवासातून मी एक पेहराव घेऊन येईन. हातात राहिलं ते दंडावरच्या वळांचं ज्ञान, आणि आधी विचारावं ही अक्कल. पण ज्या बाईने "राहू दे" म्हटलं होतं, तिची मूर्ती माझ्याकडून राहिली नाही, हे तिला कळवणं भाग होतं. आठवडाभर टाळलं, मग पत्र लिहिलं. ताईच्या यजमानांनी ते तांड्यावर जाऊन वाचून दाखवलं. उत्तर भावसिंगच्या अक्षरात आलं, कार्डावर. आई सांगते तसं लिहितो, असं वर लिहून खाली तीनच ओळी होत्या.

"माती होती, फुटली. रडू नको. ये आन दुसरी कर, मी हाय अजून."

उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत थांबायचं माझ्याच्याने झालं नाही. संक्रांतीला रजा टाकून मी मूर्तिजापूरची गाडी धरली.