चंद्रशेखर सावकाश घरी येतो

शिरवण्यात आमच्या वरच्या मजल्यावर चंद्रशेखर राहतो. महाप्याच्या एका कारखान्यात माल रवाना करायचं काम त्याच्याकडे. माणूस चांगला, पण बूड टेकणं त्याला ठाऊकच नाही. जेवण उभ्यानं, बायकोशी बोलणं जिन्यावरून, आणि बुद्धवंदना अशी भराभर की पाहुणे हात जोडेपर्यंत याची संपलेली.

त्याची आई रखमा वर्षभर अंथरुणाला खिळलेली. तिचं मागणं एकच. "चंदू, घटकाभर माज्यापाशी बस." हा म्हणायचा, "रविवारी बसतो." आणि रविवारी हा पाण्याच्या टाकीवर चढलेला असायचा. मला त्याचा राग यायचा. तो मी तोंडावर बोलूनही दाखवला होता.

मार्चमध्ये त्याला कामावर चक्कर आली. डॉक्टरांनी झापलं. मग त्याच्या बायकोनं, शर्मिलानं, त्याला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथे बोलायचं नाही, फोन जमा करायचा, नुसतं बसायचं. जाताना आईला म्हणाला, "बसायला शिकून येतो, मग तुझ्यापाशीच बसतो." म्हातारी इतकी खूश झाली की येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत सुटली.

सहाव्या दिवशी तिचा श्वास बिघडला. शर्मिला शिबिराच्या ऑफिसात फोन लावणार, तर म्हातारीनं तिचा हात धरला. "नको गो. पयल्यांदा बसलाय पोरगा. उठवू नको त्याला." मी तिथेच होतो. मीही म्हटलं, राहू दे. ते माझ्या जिवाला अजून लागून राहिलंय.

अकराव्या दिवशी शिबिर सुटलं. सकाळपासून म्हातारीचे डोळे दाराला लागलेले. शर्मिला फोनवर फोन लावत होती आणि त्याचा फोन बंद. म्हातारीला धाप लागली तसा मी डॉक्टरांना आणायला धावत सुटलो. नाक्यावर पाहतो तर काय, चहाच्या टपरीवर चंद्रशेखर! बॅग पायाशी, हातात कटिंग. एकेक घोट घेऊन डोळे मिटत होता.

"अरे, फोन कुठंय तुझा?"

"बॅगेत. मुद्दाम बंद ठेवलाय." तो हसला. "बस ना. घाई कसली? या चहात आलं किती असतं, माहितीये? वीस वर्षं इथं पितोय, आज कळलं."

त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं मला. "तुझी आई चाललीये," मी ओरडलो. ग्लास टाकून तो धावला. डॉक्टरांचं विसरून मीही त्याच्यामागे.

आम्ही पोचलो तेव्हा शर्मिला सासूची हनुवटी बांधत होती. जाऊन दहा मिनिटं झाली होती. टपरीवर हा अर्धा तास बसला होता, हे मागाहून टपरीवाल्यानंच सांगितलं. बिचारा कौतुकानं सांगत होता, साहेब पहिल्यांदाच इतके निवांत बसले म्हणून.

चंद्रशेखर आईच्या पायाशी बसला. कुणी उठवलं तरी उठेना. बऱ्याच वेळानं त्यानं शर्मिलाला विचारलं, "काही बोलली का?"

शर्मिलाला खोटं सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही.

"कुठपर्यंत आलाय, विचारत होत्या. मी आपलं म्हटलं, नाक्यावर आलेत, पळत येतायत. तर म्हणाल्या, पळू नको म्हनावं त्याला. सावकाश ये म्हनावं."