पांढरी बटणं भावाची

बाबांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आम्ही तीन दिवस घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात होतो. तिथे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर पन्नाशीची एक बाई ‘गो’ नावाचा दोघांनी खेळायचा पटावरचा खेळ एकटीच खेळत होती. पुठ्ठ्यावर पेनाने आखलेल्या रेघा आणि सोंगट्या म्हणून शर्टाची काळी-पांढरी बटणं. काळं बटण ठेवलं की ती उठायची, बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची, हनुवटी खाजवायची आणि मग पांढरं ठेवायची.

मी खेळाबद्दल विचारलं.

“समोरच्याला चहूबाजूंनी घेरायचं,” ती म्हणाली. “भावाने शिकवलाय. पांढरी बटणं त्याची. तो आत आहे, पोटातली गाठ काढतायत.”

“मग जिंकतंय कोण?”

“तोच. त्याच्या जागी बसून मी त्याच्यासारखाच विचार करते ना.” ती पुन्हा बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. “नाही खेळले तर वाट लागेल माझी.”

दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि तिला भावाचं ऑपरेशन नीट झाल्याचं सांगून गेले. तिने मुठीतलं बटण पुठ्ठ्यावर ठेवलं आणि मोबाइलवर डावाचा फोटो काढला.

बाबांना घरी नेताना मी तिच्या भावाच्या वॉर्डात डोकावलो. तो उशीला टेकून तिच्या मोबाइलवर त्या डावाचा फोटो बघत होता.

“ही चाल माझी? अगं, इतका मठ्ठ आहे का मी?” आवाज खोल गेला होता, पण चिडला होता खरा.

एवढ्या आनंदाने बोलणी खाणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. डोळे पुसत ती म्हणत होती, “बोल ना, अजून बोल.”