घासलेल्या भांड्यांबद्दल उपकार

लग्न होऊन मी हुमनाबादच्या अलीकडच्या एका खेड्यात आले, तेव्हा निजामाची अमदानी होती आणि मी एकोणीस वर्षांची होते. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवायचे. सकाळी मराठी आणि दुपारी उर्दू, कारण तहसिलीचा सगळा कारभार उर्दूत चालायचा. शाळेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं माळवदाचं घर आम्हाला राहायला होतं. मी बिदरच्या बोर्डिंगात वाढलेली. संसार कसा नेटका करायचा ते लोकांना दाखवून द्यायची मला फार हौस.

वर्षभरानं माझे सासरे काम सोडून आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामा म्हणायची. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. मामांनी तीस वर्षं बिदरला मिशनच्या बंगल्यावर खानसाम्याचं काम केलं होतं. पितळी गुंड्यांचा पांढरा कोट, ताठ पाठ, नखं कापलेली. त्यांना सूप येई, पुडिंग येई, आणि माझ्या स्वयंपाकातल्या चुका तर मी करायच्या आधीच दिसत.

ते माझ्या चुलीशी येऊन बसत. मी घासून पालथी घातलेली भांडी एकेक उचलून पुन्हा पुसत, तेही माझ्या डोळ्यांदेखत. मिठाची बरणी मी चुलीच्या डावीकडे ठेवली की ते ती उजवीकडच्या फळीवर नेऊन ठेवत. भाकरी थापताना म्हणत, "कडा जाड व्हायल्यात." तुरीच्या काड्यांचा धूर डोळ्यांत जाऊन मी शिंकले तर म्हणत, "तोंड तिकडं करून शिंकावं." पाण्याची घागर मी कमरेवरून उतरवली की लगेच ओतून घ्यायची नाही. ते धोतराचं चौपदरी फडकं बांधत, थेंबथेंब पाणी गाळत, आणि तोवर इकडं डाळ करपायची.

मास्तरांना सांगितलं तर ते पुस्तकातून मान वर न काढता म्हणायचे, "वय झालंय त्यांचं."

त्या वर्षी कापणीच्या सणाला पाळकसाहेब तट्टावरून आले. आमचं चर्च म्हणजे शाळेचीच मोठी खोली. लोकांनी ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे आणून पुढं मांडले होते. पाळकसाहेबांनी भोपळ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, याबद्दल देवाचे उपकार कुणीही मानेल. घरात जे टोचतं, जे नको वाटतं, तिथं उपकार मानता येतात का ते बघा. आजपासून नाताळापर्यंत रोज घरच्या प्रार्थनेत तशी एक गोष्ट उच्चारून बघा.

मला ते बाणासारखं लागलं. घरी येता येता मी मास्तरांना म्हटलं, "मी हा नेम धरणार. एक दिवस चुकवणार न्हाई."

ते म्हणाले, "धर की."

आमची प्रार्थना सकाळी व्हायची, चूल पेटवण्याआधी. आम्ही तिघं चटईवर बसायचो. मास्तर शास्त्रातला भाग वाचायचे, मग ते प्रार्थना करायचे, मग मी. मामा फक्त शेवटी प्रभूची प्रार्थना आमच्याबरोबर म्हणायचे. पहिले चार-पाच दिवस मी धुराबद्दल उपकार मानले, कारण धूर आहे म्हणजे जळण आहे. शेजारणीच्या शेळीनं वाळत घातलेल्या सांडग्यांत तोंड घातलं, त्याबद्दलही मानले, जरी त्याला कारण मला सुचलं नाही. मग माझ्या मनात मामा आले. नको वाटणारं घरात त्यांच्याइतकं दुसरं काय होतं?

"हे प्रभू," मी डोळे मिटून म्हटलं, "घासलेली भांडी पुन्हा पुसणारे हात तू या घरात दिलेस, म्हणून तुझे उपकार मानते."

शेजारी मास्तर खोकले. तो खोकला नव्हता, दाबलेलं हसू होतं हे मला कळलं, आणि खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. दुसऱ्या दिवशी मी भाकरीच्या कडा नीट पारखणाऱ्या नजरेबद्दल उपकार मानले. तिसऱ्या दिवशी, मिठाच्या बरणीला एका जागी कंटाळा येऊ नये म्हणून तिला फिरवून आणणाऱ्या माणसाबद्दल. आठ-दहा दिवसांत माझी जीभ अशी सरावली की मी भाकरी थापतानाच उद्याची प्रार्थना जुळवू लागले. आमेन म्हणून उठताना मला भांडण जिंकल्यासारखं वाटायचं. नेम मात्र एकही दिवस चुकला नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता.

एका सकाळी माझी प्रार्थना झाल्यावर मामा बोलायला लागले. आम्ही दोघंही दचकलो, कारण ते स्वतःच्या शब्दांत कधी प्रार्थना करत नसत.

"देवा," ते म्हणाले, "ह्या पोरीला मला बोलायचं असतं. ती तुला सांगती. तुझा आडोसा हाय म्हणून आमच्या घरात भांडण न्हाई. तुझे उपकार."

मग ते आमेन म्हणाले, हळूच उठले आणि चहा न घेता शाळेच्या पायरीवर जाऊन बसले.

मी चूल पेटवली. मास्तर दारात उभे राहिले. "जा, क्षमा माग," एवढंच म्हणाले. मी दुपारी भाकरी वाढताना मागितली. मामा म्हणाले, "राहू दे, बाई." एरवी ते मला पोरी म्हणत.

त्यानंतर त्यांनी माझ्या भांड्याला हात लावला नाही. मिठाची बरणी डावीकडेच राहिली. जाड कडांची भाकरी त्यांनी मुकाट्यानं खाल्ली. मला वर्षभर हवं होतं ते सगळं एका दिवसात मिळालं होतं आणि त्या स्वयंपाकघरात मला बसवेना. प्रार्थनेत माझी पाळी आली की मी नुसती गप्प बसायची. पाळकसाहेबांनी सांगितलेलं औषध मी विषासारखं वापरलं होतं, हे मला आता दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. नेम सोडायचा नाही, पण तो उलट्या बाजूनं धरायचा. मामांबद्दल देवाशी बोलण्याआधी मामांशी बोलायचं. त्यांच्या तोंडावर, डोळे उघडे ठेवून, आणि खरं असेल तेवढंच. आता तसं खरं काय आहे ते शोधायला मी त्यांच्याकडे बघू लागले. पहिला दिवस काहीच सापडलं नाही. मग लक्षात आलं की त्यांनी सगळं सोडलं तरी पाणी गाळणं सोडलं नव्हतं. मी विहिरीवरून यायच्या आत ते फडकं घेऊन उंबऱ्यापाशी उभे असत.

आमचं पाणी ओढ्याकाठच्या पायऱ्यांच्या विहिरीचं. गावातल्या वरच्या विहिरीवर आम्हा ख्रिस्ती झालेल्या घरांना घागर बुडवू देत नसत. खालच्या विहिरीत सगळे पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरत, आणि ते पाणी न गाळता प्यायलं की नारू व्हायचा. आमच्या समोरच्या घरातली अक्का त्याच महिन्यात पायाला नारू होऊन पडली होती. पायातून दोऱ्यासारखा किडा निघत होता आणि तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा. ती कण्हायची ते आमच्या दारापर्यंत ऐकू यायचं. आमच्या घरात मात्र कुणालाच नारू झाला नव्हता.

मी घागर उतरवली. मामांनी फडकं बांधलं. मला बोलायला शब्दच मिळेना. उपकार आम्ही देवाचे मानायचो. आभार हा सभेतला शब्द. शुक्रिया कचेरीत. घरातल्या माणसाला असं काही म्हणायची आमच्यात रीतच नव्हती.

"मामा," मी म्हटलं, "तुम्ही पाणी गाळता म्हणून आमचे पाय धड हायेत. हे मी कधी बोलले न्हाई."

त्यांनी वर बघितलं. यात काही काटा आहे का, हे ते तपासत होते. मी नजर हलवली नाही.

"हे मडमसाहेबांनी शिकवलं," ते शेवटी म्हणाले. "चार पदर करायचे, फडकं रोज उकळायचं."

"एवढी वर्षं तुम्ही कधी चुकवलं न्हाई?"

त्यांनी फडक्याची गाठ आवळली. "बंगल्यावर एक दिवस चुकवलो न्हाई," ते म्हणाले. "घरी कधी केलो न्हाई. साहेबांचं पाणी गाळायचो, घासलेला गिलास पुन्हा पुसायचो, आन् माझ्या घरात तुझी सासू विहिरीचं पाणी तसंच प्यायची. एका उन्हाळ्यात तिला नारू झाला. किडा ओढताना तुटला, पाय सुजला. तीन महिने अंथरुणावर होती. पुढं मरेस्तोवर लंगडायली. मला कधी बोलली न्हाई. मी तिला रात्रंदिवस काम सांगितलो, पण तिच्यासाठी एक फडकं बांधलो न्हाई."

मी फडक्याचं दुसरं टोक धरलं.

मग तेच म्हणाले, "बंगल्यावर मीठ पुढं सरकवलं तरी थँक्यू म्हणायचे. दिवसाला वीसदा. मला ती गंमत वाटायची. घरी येऊन मी तिला एकदाबी म्हटलो न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं घासलेलं पातेलं उचललं आणि पुसलं. इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, पण त्या क्षणी मला पुन्हा तितकाच राग आला. कारण कळलं म्हणून टोचायचं थांबत नाही, हे मी त्या पातेल्याकडे बघत शिकले. मी ओठ दाबले, पाचपर्यंत मोजलं आणि म्हटलं, "मामा, भांडी पुसा, माझी हरकत न्हाई. पण मिठाची बरणी डावीकडंच राहू द्या. माझा हात तिकडं जातो."

ते म्हणाले, "हे आधी कामून सांगितलं न्हाईस?"

खरंच, मी ते देवाला सांगितलं होतं, त्यांना कधीच नाही.

नाताळापर्यंत मी नेम चालवला. काही दिवस मनापासून, बरेच दिवस दात आवळून. रोज संध्याकाळच्या आत मामांना एक खरी गोष्ट बोलायची, आणि टोचत असेल ते सरळ सांगायचं. दुसऱ्या सकाळी प्रार्थनेत मग मी त्यांचं नाव घ्यायची ती लाज न वाटता. नाताळ आला आणि गेला, तरी मी थांबले नाही. सोडून दिलं तर आठवड्यात मी पूर्वीसारखी होईन, हे मला माहीत होतं. मामाही कधीमधी बोलू लागले. एकदा अंबाडीची भाजी खाऊन म्हणाले, "आज जमलंय." मी ती भाजी पुढं महिनाभर करत राहिले, शेवटी मास्तर वैतागले.

मामा आमच्याकडे सहा वर्षं राहिले. मग त्यांचे गुडघे गेले आणि आळंदहून माझी नणंद त्यांना न्यायला बैलगाडी घेऊन आली. तिच्याकडे माणसं जास्त होती, घर सपाटीला होतं. गाडीत बसल्या बसल्या त्यांनी तिला गादी नीट घातली नाही म्हणून बोलायला सुरुवात केली. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्ही सहा वर्षं कसं काढलात?"

"तुमचीबी भांडी ते पुन्हा पुसतील," मी म्हटलं. "पाणी गाळत बसतील."

"ते कामून?"

आईचा पाय कसा गेला ते तिला ठाऊक होतं, बापाच्या मनात काय होतं ते नव्हतं. ती तेव्हा लहान होती. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, पण ते सांगणं माझं नव्हतं.

"त्यांनाच विचारा," मी म्हटलं. "पाणी गाळताना विचारा. विचारलं की सांगतात."