तीन चिठ्ठ्या हातात, एक पिशवीत

हसायचं असेल तर चहाचा कप खाली ठेवून हसा, नाहीतर नाकातून येईल आणि बोल मला लावाल. बिस्किटं घ्या ना, लाजताय काय? मी नाही घेणार. का घेणार नाही, तेच तर सांगायला बसलेय. फजित्या मी आयुष्यात पुष्कळ करून घेतल्या, पण ही अशी, की आमच्या कोरीटमध्ये अजूनही दोन बाया मला बघून तोंडाला पदर लावतात.

आधी एक लक्षात घ्या. मी बचत गटाची अध्यक्ष. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या पोरीचा दाखला अडला, की लोक माझ्या ओट्यावर येऊन बसतात. मग मी काय करते? चिठ्ठी आणते. सरपंचांची, नाहीतर मोठ्या पुढाऱ्यांची. ज्या टेबलामागे जसा साहेब, तशी चिठ्ठी. ती पुढे सरकवली की साहेब चष्मा वर करतो आणि 'बसा ताई' म्हणतो. त्यामुळे चिठ्ठी कशाशी खातात हे मला कुणी शिकवू नये, असं माझं ठाम मत होतं.

आता माझी नात, परी. तेव्हा दहा महिन्यांची. लेकाची पहिली मुलगी, घरात तिच्याशिवाय दुसरा विषय नाही. दिवसेंदिवस अशी गोरी होत चाललेली की मी गटाच्या मीटिंगमध्ये मिरवायचे, आमच्या सात पिढ्यांत असा रंग नाही म्हणून! जरा मलूल असायची, खोकला जाता जात नव्हता, पण मी म्हटलं, गुणी पोरगी आहे, दंगा करत नाही.

आमच्या गावात एक डॉक्टर आहेत. वीस वर्षांपासून आहेत, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. खोकल्यासाठी परीला नेलं तर भाऊ तिच्या पापण्या खाली ओढून बघत बसले, मग किती तरी वेळ छातीला नळी लावून ऐकत बसले. रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी म्हणाले, छातीत एक आवाज येतोय. काही नसेलही, पण हृदयाचा विषय आहे, मी अंदाजाने चालणार नाही. मी म्हाताऱ्यांपासून बाळांपर्यंत सगळ्यांचाच डॉक्टर, नंदुरबारच्या मॅडम फक्त लहान मुलांच्या. रोज असल्याच छात्या ऐकतात. त्यांनी एकदा ऐकू द्या. त्या काय करायचं ते ठरवतील आणि मला कळवतील, मग पुढचं मी इथेच बघेन.

हृदय म्हटल्यावर मी परीला वैशालीच्या कडेवरून माझ्याकडे ओढून घेतलं, खोटं कशाला बोलू. माझी सून वैशाली तर भिंतीला टेकूनच उभी राहिली. भाऊंनी दोन पानं भरून लिहिलं, रक्ताचा कागद जोडला, पाकीट चिकटवलं आणि माझ्या हातात दिलं.

"ताई, हाई चिठ्ठी मॅडमनाच हातमा द्या. दुसरं कोनले नही."

मी मान हलवली. भाऊ काहीबाही सांगतातच आणि मी मान हलवतेच, ती आमची जुनी पद्धत.

पण घरी आल्यावर माझं डोकं चालायला लागलं. नंदुरबारच्या एवढ्या मोठ्या मॅडम, आणि त्यांच्यापुढे आमच्या कोरीटच्या भाऊंची चिठ्ठी? कोण विचारतंय! पोरीच्या हृदयाचा प्रश्न, इथे कमी पडून चालणार नाही. मी चपला घातल्या आणि निघाले.

सरपंच गोठ्यात म्हशीला पाणी पाजत होता. म्हटलं, "मन्ही नातले मोठा डॉक्टरकडे लई जानं शे, एक चिठ्ठी दे." त्याने हात पुसले आणि लगेच दिली. तिथून मी जिल्हा परिषदेवर पूर्वी निवडून आलेल्या आप्पांकडे गेले. त्यांनी लेटरहेड काढलं. तिसरी मिळाली साखर कारखान्यावर संचालक असलेल्या एका पाहुण्यांची, तिच्यावर तर दोन शिक्के. भाऊंचं पाकीट मी पिशवीत तळाशी घातलं. त्याच्यावर परीची दुपटी, दुपट्यांवर दुधाची बाटली.

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या दवाखान्यात ही गर्दी! काउंटरवरच्या मुलीने पहिलाच प्रश्न केला, कुणी पाठवलंय, चिठ्ठी आहे का? मी मनात म्हटलं, बघ वैशाली, तुझी सासू उगाच अध्यक्ष नाही. तिन्ही चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पसरून ठेवल्या. मुलीने एकेक वाचली, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, बसा, सत्ताविसावा नंबर.

सत्तावीस! आणि माझ्या डोळ्यांदेखत धडगावकडची एक बाई आली, चुरगळलेला एकच कागद तिच्या हातात, आणि ती सरळ आत! मी तरातरा काउंटरवर गेले. मुलगी म्हणाली, तिच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत बाळाची अवस्था लिहिलीय, बघून आत घेतलं. मी म्हटलं, म्हणजे तिचा पुढारी माझ्या आप्पांपेक्षा मोठा दिसतोय. अडीच तास मी मनातल्या मनात धडगावचे पुढारी मोजत बसले.

शेवटी आत गेलो. मॅडम चाळिशीच्या, आवाज मऊ. टेबलावर माझ्या तिन्ही चिठ्ठ्या पोचलेल्या. सरपंचाने लिहिलं होतं, 'सदर महिला आमच्या गावच्या कायम रहिवासी असून त्यांची वर्तणूक चांगली आहे.' आप्पांनी लिहिलं होतं, 'नियमात बसवून काम करून द्यावे.' आणि पाहुण्यांनी शिफारस केली होती की आमच्या उसाला तोड लवकर मिळावी. त्यांच्याकडे तेवढा एकच मजकूर तयार असतो, त्याला ते तरी काय करणार?

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि परीला घेतलं. पापण्या बघितल्या, नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, आधी कुणाला दाखवलं होतं?

आता इथे मी काय बोलावं? मला वाटलं, गावच्या डॉक्टरचं नाव घेतलं तर आपली किंमत कमी होईल. मी म्हटलं, "कुणालाच नाही मॅडम. थेट तुमच्याकडेच आणलं."

रक्त तपासलं? नाही म्हटलं. आधीची वजनं? माहीत नाहीत म्हटलं. खायला काय देता? तिथे मात्र मी सुटले. अंगणवाडीच्या भिंतीवर जेवढं लिहिलंय तेवढं सगळं म्हणून दाखवलं, वरण, भात, नागलीची पेज, अंडं, केळं, पालक. वैशालीने माझ्याकडे असं बघितलं की मी केळ्यानंतर पालक जरा हळूच म्हटला.

मॅडमच्या कपाळावर आठी पडली. म्हणाल्या, "इतकं सगळं खाऊन बाळ पांढरंफटक आहे आणि हृदयात आवाज आहे. मागचं काहीच माहीत नाही म्हणता. मग मला सगळं गंभीरच धरून चालावं लागेल. रक्त आत्ता काढू आणि हृदयाच्या सोनोग्राफीसाठी आजच सुरतला निघा."

मी ज्याला गोरेपणा म्हणून गावभर मिरवलं, तो गोरेपणा नव्हताच हो! नर्सने सुई काढली, परीचा एवढासा हात धरला, परीने ओठ काढला. मी डोळे मिटून घेतले आणि काय काय नवस बोलले ते माझं मला ठाऊक.

तेवढ्यात माझी सून बोलली. लग्नाला तीन वर्षं झाली, चार लोकांत माझ्यापुढे तोंड न उघडणारी पोरगी. हळूच म्हणाली, पण खोलीत सगळ्यांनी ऐकलं.

"आई, भाऊनी दिधेल चिठ्ठी पिशवीमा पडेल शे. ती द्या ना आते."

नर्सचा हात थांबला. मी बाटली काढली, दुपटी काढली, तळातलं पाकीट काढलं. त्याला दूध लागलेलं. मॅडमनी ते उघडलं आणि पहिली ओळ वाचताच नर्सला म्हणाल्या, सुई ठेव, रिपोर्ट परवाचाच आहे. काय नव्हतं त्या दोन पानांत! परीची जन्मापासूनची वजनं तारखेसकट. कुठलं औषध कधी दिलं. वजन दोन महिन्यांपासून थांबलंय, रक्त कमी आहे, आवाज रक्त कमी असल्यामुळे येतोय की हृदयातच दोष आहे, एवढंच भाऊंनी विचारलं होतं. मॅडमनी पुन्हा शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, आवाज रक्त कमी असल्याचाच वाटतोय. सुरतची घाई नको. लोहाचे थेंब देऊ, महिन्याने परत ऐकू. तुमच्या डॉक्टरांनी फार नीट काम केलंय.

मी भाऊंना मनातल्या मनात हात जोडले. मग मॅडमनी दुसरं पान उलटलं आणि पहिल्यांदाच हसल्या.

"शेवटचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. वाचू?"

मी मान हलवली, सवयीने.

"'आजी बाळाला दिवसातून तीनदा चहात बुडवलेलं बिस्कीट आणि पाणी घातलेलं गाईचं दूध देतात. मी चारदा समजावलं. त्या मान हलवतात आणि घरी जाऊन पुन्हा देतात. आपण तज्ज्ञ आहात, आपलं तरी ऐकतील. कृपया आजींना समजावणे.'"

वैशाली खिडकीबाहेर बघत होती. भाऊंना हे कुणी सांगितलं असेल, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही, आणि आज वाटतं, तिने सांगितलं म्हणून बरं झालं. पाकिटाचंही तिच्या तोंडून निघालं नसतं तर ती सुई टोचली असती आणि आम्ही सुरतच्या वाटेवर असतो. मॅडमनी मला अर्धा तास समजावलं, बाहेर तेवढी गर्दी असताना. एकदाही आवाज चढवला नाही. मग भाऊंसाठी उत्तर लिहून माझ्याच हातात दिलं. ते मी पिशवीत नाही, ब्लाऊजमध्ये ठेवून आणलं.

भाऊंनी पंधरा-पंधरा दिवसांनी परीचं वजन केलं. महिन्याने पुन्हा मॅडमकडे नेलं तेव्हा आवाज गेला होता. पोरगी आता चांगली सावळी झालीय, आमच्या सात पिढ्यांसारखी, आणि असा दंगा घालते की विचारू नका. त्या दोघा डॉक्टरांचं मी काय फेडणार? जिथे बसते तिथे त्यांचं नाव घेते, एवढंच.

त्या दुसऱ्या भेटीत मॅडमनी दिलेली शेवटची चिठ्ठी मी भाऊंकडे नेली. भाऊंनी ती वाचली, मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, "बसा ताई" म्हणाले, आणि दवाखान्यात बसलेल्या सगळ्या पेशंटसमोर मोठ्याने वाचून दाखवली.

"'बाळ उत्तम. माझ्याकडे पुन्हा आणण्याची गरज नाही. आजींना मात्र तीन महिन्यांनी परत दाखवणे.'"