सहावा बोल्ट

सासरे बंदराच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुनी शिडाची होडी विकत घेतली. घरात ते कुणालाच पटलं नाही. नव्वदचं दशक होतं. सुरतेतली आमच्या ओळखीची मराठी माणसं निवृत्त झाली की नाशिक-जळगावकडे प्लॉट बघायची. अण्णा मात्र दर रविवारी मगदल्ल्याला खाडीकाठी जायचे. होडी तिथे ओंडक्यांवर उभी होती.

एका रविवारी त्यांनी मला विचारलं, "येशील का जरा? तिथे आत शिरायला बारीक माणूस लागतं."

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. मी बँकेत नोकरी करायचे. अण्णांशी कामापुरतंच बोलायचे. तरी पंजाबी ड्रेस घातला आणि त्यांच्या स्कूटरवर मागे बसले.

होडीच्या पोटाखाली कील असते, लोखंडाचं जड पातं. तिच्या वजनामुळे वाऱ्यात होडी उलटत नाही. आमची कील सहा बोल्टांनी तळाला धरलेली होती. सांध्यातून पाणी झिरपायचं, म्हणून आतून नट आवळायचे होते. फळ्या काढून मी त्या अरुंद खळग्यात उतरले. गंजाचा, कुबट चिखलाचा वास. अण्णा वरून पाना देत सांगत होते, "अर्धा फेरा. आता पलीकडचा. एकच एक आवळत बसू नकोस."

पाच नट लगेच घट्ट झाले. सहावा फिरतच राहिला.

"आणखी," अण्णा म्हणाले. मी फिरवला.

"आणखी एक फेरा."

मी बोटाने चाचपलं. नटाखालची चकती लाकडात रुतत चालली होती आणि कडेने ओला भुसा वर येत होता.

"मी नाही आवळणार, अण्णा."

"जोर लाव. जन्मभर बोल्टच आवळलेत मी."

"बोल्ट ठीक आहे. खालचं लाकूड दबतंय."

त्यांना कुणी नाही म्हटल्याचं मी त्या घरात ऐकलं नव्हतं, नवऱ्याच्या तोंडूनही नाही. उगाच बोलले, असं वाटून गेलं.

मग अण्णा दुखरा गुडघा सांभाळत खाली आले. खांद्यापर्यंत हात घालून त्यांनी बराच वेळ चाचपलं.

"सडलंय," ते म्हणाले. "मला वरून कसं कळणार होतं!"

जवळच काम करणाऱ्या सुताराला त्यांनी हाक मारली. त्यानेही पाहून तेच सांगितलं, "लाकडुं सडी गयुं छे, काका." तेवढा भाग कापून नवं सागवान बसवायला सगळा पावसाळा गेला. चकतीच्या जागी अण्णांनी रुंद पोलादी पट्टी घातली. त्यावरचा नट मात्र मला आवळायला लावला. कुठे थांबायचं, ते त्यांनी या वेळी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर होडी पाण्यात उतरली. शिडात वारा भरला तशी ती एका अंगावर कलली आणि मी घाबरून काठ धरला. अण्णांनी तळाची फळी उचलून आत बघितलं, मग मलाही बघायला सांगितलं. कोरडं होतं. फळी परत लावून ते सुकाणूपाशी जाऊन बसले, आणि थोडं सरकून त्यांनी मला शेजारी जागा करून दिली.